जड ओढीचं आखूड लाकडी धनुष्य

नुसत्या लाकडाचं, चार फुटांच्या आसपास लांबीचं, आणि तरी ओढायला ५०-६० पौंडांच्या वर जोर लागणारं धनुष्य बनवणं हे या कलेतल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे. ओढ म्हणजे प्रत्यंचा ठरलेल्या अंतरापर्यंत, आजकाल साधारण २८ इंच धरतात, मागे खेचायला लागणारा जोर. तो पौंडात मोजतात, १ पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं की आखूड म्हणजे लाकूड कमी, काम कमी, आणि जाड ठेवलं की आपोआप जड होईल. होतं नेमकं उलटं. आखूड धनुष्याला लाकूड तेवढंच लागतं, फक्त ते जाडीतून काढून रुंदीत न्यावं लागतं, आणि सगळी अडचण इथेच सुरू होते.

पतंगाची कमान आठवा. बांबूची बारीक कामटी अर्धगोल वाकते आणि मोडत नाही, पण तेवढ्याच लांबीची बोटाएवढी जाड काठी तशी वाकवायला गेलात तर मध्येच तुटणार. वाकवलेल्या लाकडाची बाहेरची बाजू, म्हणजे धनुष्याची पाठ, ताणली जाते आणि नेमबाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. हा ताण किती होईल हे दोनच गोष्टींवर ठरतं, जाडी किती आणि वाक किती. धनुष्याला चालणारी चांगली लाकडं सुद्धा पृष्ठभागावर १ टक्क्याच्या आसपास ताणली गेली की हद्दीवर येतात. आता ओढायचं अंतर २८ इंचच ठेवून धनुष्य आखूड केलं तर वाक वाढणारच, मग जाडी कमी करण्यावाचून इलाज नाही, आणि जाडी कमी केली की जोर नुसता कमी होत नाही, कोसळतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो तर रुंदीच्या फक्त सरळ प्रमाणात.

साधा हिशोब करून बघा. ७२ इंची धनुष्य ४८ इंचांवर आणायचं, लाकूड तेच, ओढही तेवढीच जड. लाकडावरचा ताण वाढू द्यायचा नसेल तर जाडी मूळच्या निम्म्याहून थोडी कमी करावी लागते आणि गेलेला जोर भरून काढायला रुंदी सव्वातीनपटीच्या वर न्यावी लागते. आता लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार केला तर लाकडाचं घनफळ मुळाएवढंच येतं! यात जादू काही नाही, एक किलो लाकूड ठरावीकच ऊर्जा साठवू शकतं, तुम्ही त्याला कुठलाही आकार द्या. म्हणून ज्याला आखूड पाहिजे त्याला धनुष्याचे हात, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग, चांगले चार-पाच इंच रुंद फळीसारखे करावे लागतील, आणि असे हात वाकताना पिळतात, टोकाकडे जड राहिले तर बाण सोडताना बरीचशी ताकद स्वतःलाच हलवण्यात घालवतात. शिवाय एवढी रुंद, बिनगाठीची, सरळ रेषांची आणि पिळ नसलेली फाक मिळायला झाडही तसं लागतं.

लाकूड हद्दीबाहेर गेलं की दोन प्रकारे सांगतं. पाठ फाटते, ते एकदम, बंदुकीसारखा आवाज होऊन. पोट दाबलं जातं ते मात्र गुपचूप. आधी दोरी उतरवल्यावर धनुष्य सरळ होत नाही, थोडा बाक धरून बसतं, मग उजेडात तिरकं धरलं की पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या दिसतात. या सुरकुत्या दिसल्या की ते धनुष्य गेलं असंच समजावं, पाठीवर कितीही पट्ट्या चिकटवल्या तरी पोट परत येत नाही. बहुतेक लाकडं ताणापेक्षा दाबाला लवकर हार मानतात, त्यामुळे आखूड धनुष्यात खरी कसोटी पोटाची असते.

जुन्या लोकांनी यावर सगळ्यात सोपा उपाय केला, आखूड केलंच नाही. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या ओट्झी नावाच्या हिममानवाजवळ यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचं अर्धवट घडवलेलं धनुष्य होतं, लांबी सुमारे १८२ सेंटीमीटर, म्हणजे त्याच्यापेक्षा उंच. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्लिश जहाजावरून शंभराच्या वर यू लाकडाची लांब धनुष्यं निघाली, बहुतेक माणसाच्या उंचीपेक्षा मोठी, आणि त्यांची ओढ अभ्यासकांनी १०० ते १८० पौंडांच्या दरम्यान धरली आहे. यू लाकडाचा बाहेरचा पांढरा थर ताण छान सोसतो आणि आतला गाभा दाब, तरीसुद्धा एवढी लांबी ठेवली. ‘पूर्ण ओढलेलं धनुष्य नऊ दशांश मोडलेलंच असतं’ अशी इंग्लंडात जुनी म्हणच आहे.

आखूड धनुष्याचा अजून एक त्रास हाताला कळतो. दोरी आणि टोक यांच्यातला कोन ओढताना उघडत जातो, आणि आखूड धनुष्यात तो काटकोनाच्या पुढे लवकर जातो. मग शेवटच्या दोन-तीन इंचांत जोर अचानक चढतो, भिंत लागल्यासारखं वाटतं, पण त्या मानाने बाणाला ऊर्जा मिळत नाही. टोकं पुढे वळवली तर हा कोन सुधारतो, पण लाकडावरचा ताण परत वाढतो, म्हणजे एकीकडे घेतलं ते दुसरीकडे दिलं.

मग जगात आखूड धनुष्यं होती ती कशी? एक तर ओढायचं अंतर कमी. अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातले मूळ रहिवासी घोड्यावरून बायसनच्या, म्हणजे तिकडच्या रानगव्याच्या, अगदी जवळ जाऊन बाण मारत, तिथे कानापर्यंत ओढायची गरजच नव्हती. दुसरं म्हणजे पाठीवर सिन्यू, जनावराच्या कंडरांचे धागे सरसात भिजवून बसवायचे. याचं नीट नोंदलेलं उदाहरण म्हणजे इशी. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या मूळ रहिवासी जमातीपैकी उरलेला हा शेवटचा माणूस १९११ साली ओरोव्हिल गावात आला आणि १९१६ साली वारला. मधल्या काळात त्याने सॅक्स्टन पोप या डॉक्टरांना धनुर्विद्या शिकवली, आणि त्यांनी मोजमापं लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला ती कळतात. इशीचं धनुष्य ४२ इंचांच्या आसपास, हाताच्या मध्यावर सुमारे २ इंच रुंद आणि अर्धा इंच जाड, म्हणजे वरच्या हिशोबातला आकार त्याच्या हाताला आधीच माहीत होता. हरणाच्या पायाच्या कंडरा तो चावून चावून मऊ करायचा, धागे सुटे करायचा आणि सामन माशाच्या कातडीच्या सरसाने पाठीवर बसवायचा. एवढं करून त्याची ओढ ४५ पौंडांच्या आसपास होती आणि तेवढ्या जोरावर तो शिकार करायचा. आजचे हौशी लोक चार फुटात ७०-८० पौंड मागतात तेव्हा त्यांनी हे एकदा वाचावं असं मनापासून वाटतं.

जिथे लाकूडच धड नाही तिथे इनुइट लोकांनी समुद्राने आणून टाकलेल्या ओंडक्यांची धनुष्यं केली आणि सरसाऐवजी सिन्यूची वळलेली दोरी पाठीवर घट्ट बांधून ताण तिच्यावर टाकला. आखूड आणि खरोखर जड, १०० पौंडांच्या वरची धनुष्यं मात्र तुर्कांची वगैरे, आणि ती लाकडी म्हणता येत नाहीत. त्यात लाकूड फक्त मधला पातळ गाभा, पोटाला म्हशीचं शिंग, पाठीला सिन्यू. शिंग लाकडापेक्षा कितीतरी जास्त दाब सोसतं. आपल्याकडेही शिंगाचं धनुष्य जुनंच आहे, विष्णूच्या धनुष्याला शार्ङ्ग म्हणतात ते शृंग शब्दावरून, आणि मेहकरच्या शारंगधर बालाजीच्या नावात तेच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शार्ङ्ग अशी धनुष्यांची सामग्री वेगवेगळी सांगितली आहे. पण सरस आणि सिन्यू दमट हवेत पाणी ओढून ढिले पडतात, आपल्या पावसाळ्यात ते सांभाळणं सोपं नाही. सातपुड्यातल्या भिलांचा कामठा बांबूचा असतो आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीची पट्टी असते. जे रानात मिळतं आणि पावसात टिकतं त्यातून केलेलं साधं हत्यार, पण बांबूचा बाहेरचा भाग ताणाला इतका चिवट असतो की भले भले लाकूडवाले आज पाठीला बांबूचीच पट्टी लावतात.

नुसत्या लाकडात प्रयत्न करायचाच असेल तर जगभरात पहिलं नाव ओसेज ऑरेंजचं घेतात. टेक्सास-ओक्लाहोमाकडचं हे पिवळं, जड, दाब सोसणारं लाकूड. पाठीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वार्षिक वलय राखायचं, मध्ये कुठे ते कानशीने तुटलं तर तिथूनच फाटणार. लाकूड ८ ते १० टक्के ओलाव्यावर आणायचं, ओलं राहिलं तर बाक धरतं, फार कोरडं झालं तर काचेसारखं तुटतं. पोट निखाऱ्यांवर हळूहळू भाजलं तर दाबाला कणखर होतं, पण पाठ तापू द्यायची नाही.

आणि मग टिलरिंग, म्हणजे धनुष्य भिंतीवरच्या खुंटीत अडकवून, दोरीने खाली ओढत, दोन्ही हात सारखे वाकतात का ते बघत पोट खरवडत जाणं. लांब धनुष्यात चूक पचते, आखूडात नाही. हाताची जाडी १३ मिलिमीटर असेल आणि सगळीकडून १ मिलिमीटर गेला तर पाचवा हिस्सा ताठपणा गेला, ६० पौंडांचं धनुष्य ४७-४८ वर आलं, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. एकाच जागी जास्त गेलं तर तिथे बिजागरी होते, बाकीचा हात ताठ राहतो आणि सगळा वाक त्या दोन इंचांवर येतो. म्हणून जाणकार कानस लवकर बाजूला ठेवून पातळ पात्याने खरवडतात, दर दहा-बारा फटक्यांनंतर थांबतात, धनुष्य वीस-तीस वेळा अर्धवट ओढून लाकडाला नवीन आकार कळू देतात, आणि ठरवलेल्या पौंडांच्या वर एकदाही ओढत नाहीत. कुठला भाग हलत नाही ते बघायचं आणि तेवढाच खरवडायचा, जिथे जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही.