वॉल्श, पण कोणते? एम. एमेट आणि जे. टी.

१९९० च्या ‘नॅरो मार्जिन’ या हॉलिवूडच्या थरारपटाच्या श्रेयनामावलीत वॉल्श हे आडनाव दोनदा येतं. सुरुवातीलाच मारला जाणारा वकील मायकल टार्लो म्हणजे जे. टी. वॉल्श. त्या खुनाच्या साक्षीदार बाईला शोधत जीन हॅकमनबरोबर कॅनडाच्या डोंगरात गेलेला पोलिस सार्जंट बेंटी म्हणजे एम. एमेट वॉल्श. पहिल्याला हॉटेलच्या खोलीत गोळी घातली जाते, दुसरा हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबारात मरतो. मुख्य गोष्ट आगगाडीत चढते तोवर दोन्ही वॉल्श पडद्यावरून गेलेले असतात. दोघांचं एकमेकांशी नातं काहीच नव्हतं.

गोंधळ होतो त्याला कारणं आहेत. दोघेही अंगाने भरलेले, विरळ केसांचे, मध्यमवयीन दिसणारे. दोघांच्याही वाट्याला पोलिस, वकील, अधिकारी आणि लुच्चे लोक आले. दोघांचीही नावं आद्याक्षरांनी सुरू होतात. शिवाय आपल्याकडे ‘चरित्र अभिनेता’ म्हटलं की नायकाचे वडील किंवा गावचे पाटील डोळ्यांसमोर येतात. हॉलिवूडमध्ये हा शब्द ज्यांच्यासाठी वापरतात त्यांचं काम निराळं असतं: दोन-चार प्रसंगांसाठी यायचं, पण तेवढ्यात त्या माणसाचं अख्खं आयुष्य दाखवून जायचं. अशा नटाचा चेहरा लक्षात राहतो आणि नाव निसटतं. इथे तर नावही एकच.

श्रेयनामावली वाचताना आधी साल बघावं. १९८३ च्या आधीचा चित्रपट असेल तर ते एम. एमेट; जे. टी. यांचं चित्रपटातलं काम ‘एडी मेकन्स रन’पासून, म्हणजे १९८३ पासून सुरू झालं. २००० नंतरच्या चित्रपटात वॉल्श दिसले तर जवळजवळ नक्कीच एम. एमेट, कारण जे. टी. १९९८ च्या फेब्रुवारीत गेले. ‘द निगोशिएटर’ आणि ‘प्लेझंटव्हिल’ हे त्यांचे चित्रपट त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर लागले. खरी चूक होते ती मधल्या पंधरा वर्षांत. तिथे साल उपयोगी पडत नाही, अभिनयच ओळखावा लागतो.

मायकल एमेट वॉल्श यांचा जन्म २२ मार्च १९३५ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑग्डेन्सबर्गचा. बालपण व्हरमाँटमधल्या स्वॉन्टन या सरहद्दीजवळच्या गावी गेलं. वडील सीमाशुल्क खात्यात होते. लहानपणी कानाच्या शस्त्रक्रियेनंतर डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं. क्लार्कसन विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि मग न्यूयॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्ट्समध्ये नाटकाचं शिक्षण. चित्रपटात आले १९६९ मध्ये, चौतिशीत. तिथून पुढे पन्नास वर्षं त्यांनी भूमिकेची लांबी मोजली नाही. चित्रपट आणि दूरचित्रवाणी मिळून कामांची संख्या दोनशेच्या वर जाते. ‘नाइव्ज आउट’च्या (२०१९) सेटवर ते आपल्या कामांची बारीक अक्षरांत टाइप केलेली पानभर यादी आणि दोन डॉलरच्या नोटांची चळत घेऊन आले होते. एकेक नोट सगळ्यांना वाटली. ही खर्च करू नका म्हणजे कधीच कफल्लक होणार नाही, असं ते सांगत.

जे. टी. यांची वाट लांबून आली. जन्म २८ सप्टेंबर १९४३, सॅन फ्रान्सिस्को. शाळा आयर्लंडमधली क्लाँगोज वुड, पदवी १९६७ मध्ये ऱ्होड आयलंड विद्यापीठाची. मग समाजसेवक, दारूच्या गुत्त्यावर वाढपी, ज्ञानकोशांचा विक्रेता, शाळामास्तर, बातमीदार. त्यांचे विक्रेते आणि कारकून इतके खरे का वाटतात, याचं उत्तर या यादीत असावं. १९८४ मध्ये डेव्हिड मॅमेट यांच्या ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’ या नाटकात ब्रॉडवेवर त्यांनी जॉन विल्यमसन केला: जमिनी विकणाऱ्या हताश माणसांना गिऱ्हाइकांची नावं वाटून देणारा कचेरीचा व्यवस्थापक. लोक त्याला शिव्या घालतात आणि तो शांत बसून राहतो, कारण किल्ली त्याच्या हातात आहे. पुढच्या चौदा वर्षांत जे. टी. यांनी पडद्यावर जे काही केलं त्याचं मूळ या भूमिकेत सापडतं.

फरक कळण्यासाठी ‘ब्लड सिंपल’ (१९८४) आणि ‘रेड रॉक वेस्ट’ (१९९३) पाठोपाठ पाहावेत. हे दोन चित्रपटही एकमेकांत मिसळतात. दोन्हीकडे बारमालक नवरा आपल्या बायकोचा खून करायला माणूस नेमतो. पण ‘ब्लड सिंपल’मध्ये एम. एमेट हे सुपारी घेणारे आहेत. बारमालक तिथे डॅन हेदाया. ‘रेड रॉक वेस्ट’मध्ये जे. टी. हेच बारमालक, म्हणजे सुपारी देणारे. एक वॉल्श पैसे घेतो, एक देतो. इथपासून पुढे सगळं वेगळं आहे.

‘ब्लड सिंपल’ बनवणाऱ्या कोएन बंधूंनी ‘स्ट्रेट टाइम’ (१९७८) पाहून खासगी गुप्तहेर लॉरेन व्हिसरची भूमिका एम. एमेट यांच्यासाठीच लिहिली होती. फिकट पिवळा सूट, काउबॉय टोपी, फोक्सवॅगन बीटल गाडी, घामाने चमकणारा चेहरा. व्हिसर स्वतःच्याच विनोदांवर घोगरं हसतो, ओळखीच्या नसलेल्या घरात शिरल्यासारखा समोरच्याच्या जागेत सरकतो. त्याचं पाप अंगावर दिसतं, जवळजवळ वास येतो. सिगारेटचा लायटर तो प्रेताजवळ विसरतो आणि पुढची सगळी धावपळ त्या एका वस्तूपायी होते. अगदी शेवटच्या प्रसंगात, न्हाणीघरातल्या बेसिनखाली जमिनीवर पडलेला असतानाही त्याला हसू फुटतं. या भूमिकेसाठी त्यांना स्वतंत्र चित्रपटांसाठीच्या पहिल्याच इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. सहाय्यक नव्हे, प्रमुख. आणि तो रास्तच होता.

‘रेड रॉक वेस्ट’मधला वेन ब्राउन बघा. निकोलस केज हा कामाच्या शोधात आलेला अनोळखी तरुण. वेन त्याला डॅलसहून येणारा मारेकरी समजतो आणि पैशांचं पाकीट पुढे करतो. इथे घाम नाही, हसू नाही. बायकोच्या खुनाबद्दल तो अशा सुरात बोलतो जणू बिअरच्या पिंपांची मागणी नोंदवतो आहे. हाच वेन गावाचा शेरीफही आहे, हे केजला नंतर कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो. जे. टी. यांची भीती अशी उशिरा पोहोचते. आपण आधी त्या माणसावर विश्वास ठेवतो, कारण तो बँकेत, कचेरीत, पालकसभेत भेटणाऱ्या माणसासारखा दिसतो.

हीच रीत ‘ब्रेकडाउन’मध्ये (१९९७) सर्वांत स्वच्छ दिसते. वाळवंटात गाडी बंद पडते, रेड बार हा ट्रकचालक बाईला मदतीसाठी पुढच्या खाणावळीपर्यंत सोडतो म्हणतो, आणि ती गायब होते. नवरा कर्ट रसेल पोलिसाच्या साक्षीने तो ट्रक अडवतो, तेव्हा रेड म्हणतो की या माणसाला मी आयुष्यात पाहिलेलं नाही. हा प्रसंग दोनदा पाहावा. जे. टी. आवाज चढवत नाहीत, नजर चुकवत नाहीत, भुवईसुद्धा हलवत नाहीत. खोटं बोलणारा माणूस जादा काहीतरी करतो अशी आपली समजूत असते, आणि इथे जादा काहीच नसल्यामुळे क्षणभर आपल्यालाही रसेलची शंका येते. खलनायक साकारताना बहुतेक नट नेमके इथे फसतात: प्रेक्षकाला खूण करायचा मोह आवरत नाही. पुढे हाच रेड घरी बायको-मुलासोबत चांगला कुटुंबवत्सल माणूस म्हणून वावरतो.

एम. एमेट खूण करतात, पण वेगळ्या कारणासाठी. ‘स्ट्रेट टाइम’मधला पॅरोल अधिकारी अर्ल फ्रँक गोड बोलून डस्टिन हॉफमनला अपमानित करतो. सत्तेची चव त्याच्या चेहऱ्यावर दिसते. म्हणून हॉफमन त्याला महामार्गाच्या कुंपणाला बेड्यांनी अडकवून त्याची विजार खाली ओढतो तेव्हा प्रेक्षक कोणाच्या बाजूने आहे हे सांगावं लागत नाही. ‘ब्लेड रनर’मध्ये (१९८२) कॅप्टन ब्रायंट हा पोलिस प्रमुख कचेरीत व्हिस्की ओतून हॅरिसन फोर्डला कामाला जुंपतो. त्याच्या तोंडची आकडेवारी आधीच्या आवृत्तीत चुकली होती: सहा प्रतिमानव (माणसासारखे घडवलेले कृत्रिम जीव) पळाले, एक मेला, उरले पाच, पडद्यावर मात्र चारच. २००७ च्या अंतिम आवृत्तीत एकाचे दोन करून हिशेब जुळवला. खुनशी प्रसंग सांगताना हा कॅप्टन शिळ्या गप्पा मारल्यासारखा बोलतो, आणि त्या भविष्यातल्या शहरात नोकरीचा कंटाळाही आहे हे त्याच्यामुळे कळतं.

जे. टी. यांचं आणखी एक खास क्षेत्र म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या बाजूला उभा असलेला दुसरा माणूस. ‘अ फ्यू गुड मेन’मधला (१९९२) लेफ्टनंट कर्नल मार्किन्सन आणि जॅक निकल्सनचा जेसप एकाच अकादमीतून निघालेले; एक वर चढला, दुसरा त्याच्या हाताखाली. मार्किन्सन शेवटी पूर्ण गणवेश आणि पांढरे हातमोजे घालून स्वतःवर गोळी झाडतो. त्याच डिसेंबरात ‘हॉफा’ही लागला, तिथेही निकल्सन नायक, कामगारनेता हॉफा, आणि जे. टी. त्याच्या जागी बसणारा फ्रँक फिट्झसिमन्स. निकल्सन यांना या माणसाची किंमत माहीत होती. २३ मार्च १९९८ ला ऑस्कर स्वीकारताना त्यांनी जे. टी. यांचं नाव घेतलं. हृदयविकाराच्या झटक्याने जे. टी. यांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. वय होतं ५४.

अपवादही लक्षात ठेवावेत, नाहीतर नियमच दिशाभूल करतो. ‘नीडफुल थिंग्ज’मध्ये (१९९३) जे. टी. ओरडतात, थरथरतात, पार फुटतात. ‘क्लीन अँड सोबर’मध्ये (१९८८) एम. एमेट व्यसनातून बाहेर येऊ पाहणाऱ्या मायकल कीटनचे मार्गदर्शक आहेत; तिथे लबाडीचा लवलेश नाही. ‘ऑर्डिनरी पीपल’मधले (१९८०) पोहण्याचे प्रशिक्षक घामट नाहीत, नुसते कठोर आहेत आणि म्हणून जास्त बोचतात.

चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्या नियमात कोणते वॉल्श, हाही नेहमी होणारा घोटाळा. हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत असतील तो चित्रपट अगदीच वाईट असू शकत नाही, असं ईबर्ट यांनी लिहिलं होतं. ते एम. एमेट यांच्याबद्दल होतं. जे. टी. यांच्यावर तसा नियम निघाला नाही, आणि निघायला हवा होता.

‘ब्लड सिंपल’ची आज सहसा मिळते ती नंतर पुन्हा संकलित केलेली आवृत्ती, ती मूळ चित्रपटापेक्षा काही मिनिटं छोटी आहे. व्हिसर दोन्हींत पुरेपूर आहे, त्यामुळे मिळेल ती पाहावी. जे. टी. यांच्यासाठी वेळ अगदीच कमी असेल तर ‘स्लिंग ब्लेड’ची (१९९६) सुरुवात पुरे. मनोरुग्णालयाच्या खोलीत चार्ल्स बुशमन खुर्ची फरशीवरून घासत आणतो, खिडकीजवळ बसलेल्या नायक कार्लच्या शेजारी ठेवतो, आणि बोलू लागतो. जे सांगतो ते ऐकवत नाही, आणि तो मात्र जुन्या मित्राशी गप्पा माराव्यात तसं मजेत सांगत राहतो. कार्ल बाहेरच बघत असतो.