ट्रंकेतली अनोळखी वस्तू: आधी वजन, मग नाव

जुनं घर रिकामं करताना ट्रंकेच्या तळाशी हमखास एखादी धातूची वस्तू निघते, जिचं नाव घरात कोणालाच सांगता येत नाही. मग कोणीतरी तिचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतं आणि कोणीतरी ती चिंच-मीठ लावून लख्ख घासतं. फोटोने काही बिघडत नाही. घासण्याने मात्र पुरावाच धुऊन जातो. खाचेत साचलेलं कुंकू, मेण, शाई किंवा चुना हीच तर त्या वस्तूच्या वापराची नोंद असते. शिवाय आम्ल फार वेळ राहिलं की पितळेतलं जस्त आधी विरघळतं आणि तांबूस चट्टे उरतात. ते पुन्हा घासून जात नाहीत.

काळ्या वस्तूंचं तर विचारूच नका. बीदर किंवा औरंगाबादकडची बिदरी वस्तू मुळातच काळी केलेली असते. तिच्यात जस्त मुख्य आणि तांबं थोडं असतं, वर चांदीचं जडावकाम. ‘मळलंय’ म्हणून तो काळा रंग घासून काढला की नक्षीचा उठावच जातो. तेव्हा मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि सध्या तेवढ्यावरच थांबा.

पहिली चाचणी चुंबकाची. चुंबक घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे, वरून पितळ दिसत असलं तरीही. चिकटला नाही म्हणजे चांदी, असं मात्र नाही. तांबं, पितळ, कासं, शिसं, ॲल्युमिनियम आणि बरंचसं स्टेनलेस स्टीलही चुंबकाला दाद देत नाही. पांढऱ्या चपट्या वस्तूसाठी निओडिमियमचा छोटा चुंबक घ्या, वस्तू साधारण ४५ अंशांत तिरपी धरा आणि चुंबक तिच्यावरून घसरू द्या. जाड चांदीवर तो रेंगाळत उतरतो, कारण सरकत्या चुंबकामुळे धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात आणि ते त्याला अडवतात. जर्मन सिल्व्हरवर तो सरळ घसरतो. त्या मिश्रधातूत तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी औषधालाही नसते, आणि त्यातून वीज चांदीच्या मानाने फारच कमी वाहते. तांबं आणि ॲल्युमिनियमही चुंबकाला रोखतात, पण एकाचा रंग लाल आणि दुसरं हलकं, त्यामुळे घोटाळा होत नाही. पत्रा पातळ असेल तर ही चाचणी फसते.

खरं काम घनतेचं. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, ग्लासभर पाणी आणि दोरा एवढंच लागतं. आधी वस्तूचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. आता वस्तू दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवा; तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. पाणी वस्तूला जेवढं वर रेटतं तेवढाच दाब ग्लासावर खाली येतो, म्हणून काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटीमीटर वस्तूचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. ॲल्युमिनियमची २.७, जस्ताची ७.१, कथलाची ७.३, लोखंडाची ७.९, पितळेची ८.४ ते ८.७, तांब्याची ८.९६, चांदीची १०.५, शिशाची ११.३ आणि सोन्याची १९.३.

समजा, एक पिवळा, जाड, गोल तुकडा आहे. कोरडं वजन ११६.२ ग्रॅम, पाण्यात आकडा १३.७. घनता आली ८.४८, म्हणजे पितळ. इथवर धातू कळला, वस्तू नव्हे. पण वजनाच्या आकड्याकडे पुन्हा पाहा. ब्रिटिश अमदानीत ठरलेला तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे दहा तोळे ११६.६ ग्रॅम. जेमतेम अर्धा ग्रॅम कमी भरतोय, तो वर्षानुवर्षांच्या झिजेचा. वस्तू उलटी करा. बुडाशी छोटं भोक आणि त्यात ठोकून बसवलेलं शिसं दिसलं, त्यावर तपासणीचा शिक्का असला, तर शंका उरत नाही. ते तराजूचं वजन आहे. शिसं कमी-जास्त करूनच वजन नेमकं करत असत.

हे आकडे जवळ ठेवा: पाच तोळे ५८.३ ग्रॅम, पावशेर २३३.३, अर्धा शेर ४६६.६ आणि ८० तोळ्यांचा शेर ९३३.१. मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाजारात आली. त्याआधीचा शेर मात्र गावोगाव वेगळा असे, त्यामुळे मोठं वजन या आकड्यांत बसलं नाही तरी लगेच निकाल देऊ नका. घरात राणीछाप रुपया असेल तर काटा तपासायला तो उत्तम. मूळ वजन एक तोळा आणि ९१.७ टक्के चांदी. फार झिजला नसेल तर ११.५ ग्रॅमच्या आसपास भरतो.

घनता चुकते ती बहुधा तीन कारणांनी. वस्तूला बुडबुडे चिकटले की आकारमान जास्त दिसतं आणि घनता कमी येते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात. वस्तू तळाला टेकली तरी घनता कमीच येते. तिसरं कारण पोकळपणाचं: देवाच्या मूर्ती किंवा जुने दागिने आतून पोकळ असतात, कधी लाख भरलेली असते. आकडा कुठल्याच धातूशी जुळत नसेल तर आधी हीच शंका घ्या. आणि लहान वस्तूला ०.१ ग्रॅमचा काटा पुरत नाही. दहा ग्रॅमची चांदीची अंगठी ०.९५ ग्रॅम पाणी सारते, काटा ०.९ दाखवेल किंवा १.०, आणि घनता ११.१ येईल किंवा १०.०. तिथे ०.०१ ग्रॅमचाच काटा हवा.

धातू कळल्यावर झीज पाहा. बोटं जिथे लागतात तिथे कडा गुळगुळीत होतात, बाकी नक्षी टोकदार राहते. आतून पांढरा पातळ थर आणि बाहेरून पितळ किंवा तांबं, म्हणजे कल्हई, म्हणजे भांडं अन्नाचं. साखळी लावलेल्या डबीत पांढरं कवच असेल तर टोचणीने कणभर खरवडून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर तो जुना चुना आणि डबी बहुधा चुनाळू, म्हणजे पानाचा चुना ठेवायची. खरवड पांढरीच हवी, कारण तांब्या-पितळेवरचं हिरवं कीटही असंच फसफसतं. एका कडीत ओवलेल्या तीन बारीक काड्या, एक टोकदार, एक चमच्यासारखी, एक चिमट्याची, हे दातकोरणं-कानकोरणं. अक्षरं उलटी वाटत असतील तर फोटो आरशासारखा फिरवून पाहा. ती शिक्क्याची मुद्रा असू शकते आणि मजकूर मोडीतला. पुसट अक्षरांसाठी अंधारात टॉर्च अगदी आडवा धरावा, तेवढ्याने दिसतात.

काही वस्तूंना यातली एकही चाचणी लावू नये. टोकाशी निमुळतं, बुडाजवळ तांब्याचा पट्टा असलेलं बंद नळकांडं दिसलं तर तो तोफगोळा असू शकतो. उचलू नका, हलवू नका, ११२ ला फोन करा. रेडियमच्या तबकडीचं जुनं घड्याळ उघडू नका. चमक गेली तरी त्यातलं किरणोत्सर्गी रेडियम-२२६ तसंच असतं; ते निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. सुरमादाणीत काळी चमकदार पूड उरली असेल तर ती शिशाची असू शकते; मुलांच्या हाती देऊ नका.

सराफाकडचं कॅरेटोमीटर क्ष-किरणांनी काही मिनिटांत धातूंचे टक्के देतं, पण फक्त वरच्या अगदी पातळ थराचे. चांदीचा मुलामा दिलेल्या वस्तूला ते खुशाल चांदी म्हणेल. म्हणून झिजलेल्या कडेवर आणि बुडाखाली, अशा दोन ठिकाणी तपासायला सांगा. दोन्हीकडचे आकडे वेगळे आले तर मुलामाच. ‘ई.पी.एन.एस.’ अशी अक्षरं असली तर तपासायचीही गरज नाही, ते मुलामा दिलेलं जर्मन सिल्व्हर. विकायचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा: शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि अशी वस्तू परदेशातल्या नातेवाइकांना परवानगीशिवाय पाठवता येत नाही.