स्वावलंबी ग्रामविकास, कॅथलिक (नाशिक धर्मप्रांत)

नाशिक व लगतच्या जिल्ह्यांत कॅथलिक संस्थांनी दारिद्र्यनिवारणासाठी अवलंबिलेली कार्यपद्धती. गावाने आपले श्रम घालून व निर्णय स्वतः घेऊन उपजीविका सावरावी, संस्थेने तांत्रिक साहाय्य व भांडवल मिळवून द्यावे आणि यथावकाश बाजूला व्हावे, असे तिचे स्वरूप आहे. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. थॉमस भालेराव हे येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू त्याचे पहिले महागुरुस्वामी (बिशप). नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), धुळे, जळगाव व नंदुरबार हे जिल्हे त्यात मोडतात.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. नाशिक आणि ख्रिस्ती समाजकार्य म्हटले की प्रथम शरणपूर आठवते. परंतु विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये वसवलेली ही वसाहत अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीची होती. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे सुतारकाम, लोहारकाम असे हुन्नर शिकवले जात. काम मोलाचे होते. मात्र कारभार मिशनच्याच हाती राहिल्याने शरणपूरला या पद्धतीचे मूळ म्हणणे कठीण आहे. दुसरे मत पोपच्या विश्वपत्रांकडे (साऱ्या चर्चला उद्देशून लिहिलेल्या अधिकृत पत्रांकडे) बोट दाखवते : तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ (१८९१) आणि अकरावे पायस यांचे ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ (१९३१). लहान समुदायाला जे जमते ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये, हे तत्त्व दुसऱ्या विश्वपत्रात स्पष्टपणे मांडले आहे. तिसरे मत सहकारी पतपेढ्यांचा दाखला देते. जर्मनीतील ग्रामीण सहकारी पतपेढ्यांचे प्रवर्तक राइफायझेन यांच्या धर्तीवर येशूसंघीय योहान हॉफमन यांनी १९०९ मध्ये छोटा नागपुरात कॅथलिक सहकारी पतसंस्था उभारली. राइफायझेन स्वतः प्रॉटेस्टंट होते, हे येथे लक्षात घ्यावे. विश्वपत्रांनी वैचारिक बळ दिले यात शंका नाही. पण प्रत्यक्ष कार्यपद्धती घडली ती बहुधा १९७२ च्या दुष्काळानंतर, अहमदनगरच्या कोरडवाहू गावांत. रोजगार हमीच्या कामांनी तेथे मजुरी मिळाली, तरी गावाचे पाणी गावात थांबले नाही.

हा धागा पकडला तो स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये भारतात आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी. अहमदनगरच्या सोशल सेंटरमार्फत त्यांनी पाणलोट क्षेत्र (ज्याचे पावसाचे पाणी एकाच ओढ्याला मिळते असा प्रदेश) विकासाची कामे हाती घेतली. पुढे जर्मन शासनाचे अर्थसाहाय्य व नाबार्डचा (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेचा) सहभाग यांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकारास आला. त्याला पूरक म्हणून १९९३ मध्ये बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. संस्थेचे काम कोणत्याही एका धर्मापुरते मर्यादित नाही. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे तिचे विशेष उल्लेखनीय गाव होय.

कामाचा क्रम ‘माथा ते पायथा’ असा असतो. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर (उताराला आडवे, एकाच उंचीवर खणलेले चर) व वृक्षलागवड, मग उतारावर बांधबंदिस्ती, ओघळींत अनगड दगडांचे बांध, नंतर मातीचे नालाबांध आणि सर्वांत शेवटी सिमेंट बंधारा. वरचा उतार मोकळा ठेवून खाली बंधारा घातला, तर तो गाळाने भरून जातो. समपातळी रेषा आखण्यासाठी इंग्रजी ‘ए’च्या आकाराची लाकडी चौकट व ओळंबा पुरतो, निरक्षर शेतकरीही ती सहज हाताळतो. आराखडा कार्यालयात बसून न करता जमिनीच्या गट क्रमांकानुसार, शेतकरी पती-पत्नींना बरोबर घेऊन प्रत्यक्ष बांधावर केला जातो. श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गावाने आधी मान्य करावी लागते. कामांवर ग्राम पाणलोट समितीची देखरेख असते आणि पुढील दुरुस्तीसाठी देखभाल निधी राखला जातो.

वाढलेल्या पाण्याचा पहिला लाभ विहीर असलेल्या शेतकऱ्याला मिळतो, तर चराईबंदीचा भार शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांवर व भूमिहीनांवर पडतो, असा आक्षेप पाणलोट कार्यक्रमांवर घेतला जातो. तो रास्त आहे. चराऊ क्षेत्र टप्प्याटप्प्याने बंद करणे, चारा कापून नेऊ देणे आणि महिलांचे बचत गट हे त्यावरील उपाय होत. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केल्यावर या गटांना कर्जाची वाट खुली झाली. भूमिहीन घरातील स्त्रीला शेळी किंवा शिलाई यंत्र घेता आले, ते बहुतांशी याच वाटेने.