कृष्णद्रव्य: नेपच्यून की व्हल्कन?

युरेनस गणिताने सांगितलेल्या जागी सापडत नाही, ही एकोणिसाव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञांची मोठी अडचण होती. पलीकडचा एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा असे धरून फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी त्या ग्रहाची जागा काढली आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना तेथून एका अंशाच्या आतच नेपच्यून दिसला. पुढे बुधाच्या कक्षेतही फरक आढळला, तेव्हा ल व्हेरिए यांनी याच रीतीने सूर्याजवळ ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह कल्पिला. तो मात्र नव्हताच; शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तो फरक १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताने मिटवला. पहिल्या वेळी हिशेबात वस्तुमान कमी पडले होते, दुसऱ्या वेळी नियमच अपुरा होता.

कृष्णद्रव्याचा, म्हणजे स्वतः न दिसता केवळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीतून जाणवणाऱ्या द्रव्याचा, प्रश्न याच जातीचा आहे. सूर्यापासून दूर जावे तसा ग्रहांचा वेग घटतो; बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, तर नेपच्यून जेमतेम साडेपाच. दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या, कडेलाही असेच व्हायला हवे. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेची मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत बाहेरच्या भागातला वेग अपेक्षेप्रमाणे घटत नव्हता. जिथे तारे संपतात त्याच्याही पलीकडे हायड्रोजन वायू पसरलेला असतो, आणि २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरींवरून त्याचा वेग मोजला तरी उत्तर तेच येते. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय दुर्बिणीने अशा वायूचे, विशेषतः खुज्या दीर्घिकांमधले, बारकाईने वेध घेतले आहेत.

म्हणजे एकतर न दिसणारे द्रव्य ओढत आहे, नाहीतर गुरुत्वाकर्षणाचा नियम अपुरा आहे. मग नियम बदलावा का? मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये तसे सुचवले, आणि एकेकट्या दीर्घिकांच्या बाबतीत त्यांचे सूत्र इतके चपखल बसते की त्याची टवाळी करणाऱ्यांनी आधी ते आकडे पाहावेत. दीर्घिकांच्या समूहांत मात्र ते तोकडे पडते. ‘बुलेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समूहात दोन समूह एकमेकांतून आरपार गेले, तेव्हा साध्या द्रव्याचा मोठा हिस्सा असलेला तप्त वायू मधेच अडखळला. पण मागून येणारा प्रकाश जिथे सर्वाधिक वाकतो, म्हणजे जिथे वस्तुमान आहे, त्या जागा दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेल्या. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणाचे प्लांक उपग्रहाने केलेले मोजमापही विश्वातल्या एकूण द्रव्य-ऊर्जेत साधे द्रव्य ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के, असाच वाटा दाखवते. म्हणून माझ्या मते पारडे नेपच्यूनकडे झुकते.

तरीही २७ टक्के हा आकडा वजनाचा आहे, ओळखीचा नव्हे. अमेरिकेतल्या साउथ डाकोटात जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर टाकीतला सात टन द्रवरूप झेनॉन वायू एखाद्या कृष्णकणाच्या, म्हणजे कृष्णद्रव्याच्या कणाच्या, धक्क्याची वाट पाहत आहे. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालीही तसेच यंत्र आहे. आजवर खात्रीचा एकही धक्का नोंदला गेलेला नाही. त्याचा नेमका अर्थ एवढाच, की अमुक वस्तुमानाचे कण साध्या द्रव्यावर अमुक प्रमाणापेक्षा जास्त वेळा आदळत नाहीत. ते याहून कितीतरी हलके असू शकतात, किंवा गुरुत्वाकर्षणापलीकडे त्यांचा आपल्याशी काही संबंधच नसेल, आणि तसे असल्यास कितीही मोठी टाकी भरली तरी त्यात काही उमटणार नाही. शिवाय ही यंत्रे आता इतकी संवेदनशील झाली आहेत, की २०२४ मध्ये ग्रान सासोच्या यंत्राला सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, हलक्या धक्क्यांची चाहूल लागली. हलक्या कृष्णकणाचा धक्काही अगदी तसाच दिसेल. त्यामुळे तो वेगळा ओळखायचा तर कण कोणत्या दिशेने आला हे सांगणारी यंत्रे लागतील, आणि तशी यंत्रे अजून लहान, प्रायोगिक स्वरूपाचीच आहेत.