फुप्फुसाचा माल्ट लिम्फोमा : आयुर्मान व फलानुमान

श्वसनिकांच्या (फुप्फुसातील हवेच्या नळ्यांच्या) अस्तराशी निगडित लसीकाभ ऊतकातील (संसर्गाशी लढणाऱ्या लसीकापेशींच्या साठ्यातील) बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींपासून फुप्फुसात उद्भवणारा, संथ गतीने वाढणारा कर्करोग. लिम्फोमा म्हणजे लसीकापेशींचा कर्करोग; ‘माल्ट’ हे अस्तराशी निगडित लसीकाभ ऊतकाचे इंग्रजी लघुरूप; फलानुमान म्हणजे रोगाच्या पुढील वाटचालीचा अंदाज. फुप्फुसात सुरू होणाऱ्या सर्व कर्करोगांत प्राथमिक लिम्फोमाचा वाटा १ टक्क्याहून कमी असतो. मात्र या प्राथमिक लिम्फोमांपैकी बहुसंख्य माल्ट प्रकारचेच असतात. रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचे. निदानाच्या वेळी आणि त्यानंतरचे ३ महिने फुप्फुसाबाहेर रोग आढळला नाही, तरच तो प्राथमिक मानण्याची प्रथा आहे.

या रोगाच्या आयुर्मानाचे जुने आकडे वाचताना त्याच्या नावाचा वाद माहीत असावा लागतो. १९६३ मध्ये विकृतिशास्त्रज्ञ सॉल्ट्झस्टीन यांनी फुप्फुसातील लसीकापेशींच्या गाठींचे ‘लिम्फोमा’ व ‘आभासी लिम्फोमा’ असे दोन गट केले. जननकेंद्रे (बी-पेशींची वाढ होणारे पुंजके) दिसणाऱ्या, लसीकाग्रंथी न ग्रासणाऱ्या आणि रुग्णाला वर्षानुवर्षे जगू देणाऱ्या गाठी दुसऱ्या गटात गेल्या. म्हणजे चांगले फलानुमान हाच कर्करोग नसल्याचा एक पुरावा ठरला. पुढे १९८३–८४ च्या सुमारास विकृतिशास्त्रज्ञ आयझॅक्सन व राइट यांनी माल्ट लिम्फोमाची संकल्पना मांडली. एकाच मूळ पेशीची संतती ओळखणाऱ्या चाचण्या आल्यावर त्या ‘आभासी’ गाठींपैकी बऱ्याच खऱ्या लिम्फोमा निघाल्या. त्यामुळे त्या काळातील रुग्णमालिकांची (रुग्णगटांच्या अभ्यासांची) आजच्या मालिकांशी थेट तुलना करू नये.

उगमाबद्दलही मतभेद होते. बायनेनस्टॉक यांनी १९७३ मध्ये सशासारख्या प्राण्यांच्या श्वसनिकांभोवती लसीकाभ ऊतक वर्णिले; परंतु निरोगी प्रौढ माणसात ते सहसा सापडत नाही. दीर्घकालीन दाह, धूम्रपान किंवा श्योग्रेन व्याधीसारख्या (डोळे व तोंड कोरडे पाडणाऱ्या) स्वप्रतिरक्षा विकारांत, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या विकारांत, ते नव्याने तयार होते आणि त्यातूनच लिम्फोमा संभवतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जठरातील माल्ट लिम्फोमात हेलिकोबॅक्टर या जीवाणूची भूमिका जितकी पक्की आहे, तितकी फुप्फुसात कोणत्याही जंतूची सिद्ध झालेली नाही.

बऱ्याच रुग्णांना काहीच त्रास नसतो; काहींना खोकला वा धाप असते. सीटी स्कॅनमध्ये पांढरट घट्ट भाग दिसतो आणि त्यातून हवेने भरलेल्या श्वसनिका काळ्या फांद्यांसारख्या आरपार गेलेल्या दिसतात. चित्र न्यूमोनियाचेच; फक्त ते महिनोन्‌महिने हटत नाही. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात अशा सावलीवर क्षयाची औषधे सुरू होणे सहज घडते. थुंकीची व सीबीनॅट (क्षयजंतूंची जनुके शोधणारी) तपासणी नकारात्मक असेल आणि औषधांनी सावली तसूभर हलत नसेल, तर नमुना घेण्यास विलंब लावू नये. दुर्बिणीतून चिमट्याने काढलेला तुकडा अनेकदा लहान असतो व दाबाने पेशी चुरगळतात. मग सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुईने किंवा शस्त्रक्रियेने मोठा नमुना घ्यावा लागतो. तपासणीआधी स्टेरॉइड दिल्यास गाठ तात्पुरती विरते आणि निदान हुकते. सूक्ष्मदर्शकाखाली लहान लसीकापेशी श्वसनिकेच्या अस्तरात घुसून ते विस्कटताना दिसतात. पेशींवर सीडी२० हे बी-पेशींची ओळख पटवणारे प्रथिन असते. इतर काही लिम्फोमांत दिसणारी सीडी५, सीडी१० व सायक्लिन डी१ ही प्रथिने सहसा नसतात.

बहुतेक मालिकांत ५ वर्षांनी ८० टक्क्यांहून अधिक, तर १० वर्षांनी ७० टक्क्यांच्या आसपास रुग्ण हयात असतात. वय पाहता यातील अनेक मृत्यू लिम्फोमाने नव्हे, इतर आजारांनी होतात. हे रुग्णाला स्पष्ट सांगणे अत्यंत आवश्यक आहे, कारण ‘फुप्फुसाचा कॅन्सर’ हे शब्द ऐकताच घरचे लोक महिन्यांचा हिशेब करू लागतात. फलानुमानासाठी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला माल्ट निर्देशांक वापरतात. ७० वा अधिक वय, रोगाचा तिसरा–चौथा टप्पा आणि रक्तातील वाढलेले एलडीएच (पेशींच्या नाशाने वाढणारे विकर), या प्रत्येकास १ गुण. रोग न बळावता, न उलटता ५ वर्षे काढणारे रुग्ण ० गुणांत सुमारे ७० टक्के, १ गुणात ५६ टक्के आणि २ वा ३ गुणांत २९ टक्के आढळले. मात्र हा निर्देशांक सर्व अवयवांच्या माल्ट लिम्फोमांवरून बेतलेला आहे. ११ व १८ या गुणसूत्रांमधील स्थानांतरण (तुकड्यांची अदलाबदल) फुप्फुसात बऱ्याचदा सापडते. पण त्यावरून आयुर्मान ठरवणे योग्य नाही.

लक्षणे नसल्यास नियमित तपासणी करत थांबणे हा मान्य मार्ग आहे. एकाच जागी रोग असेल, तर शस्त्रक्रिया किंवा २४ ते ३० ग्रे (किरणमात्रेचे एकक) किरणोपचार. पसरलेल्या रोगात सीडी२० ला चिकटणारे रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड औषध, एकटे वा क्लोरॅम्ब्युसिलसारख्या रसायनोपचाराच्या औषधासह. एका मोठ्या चाचणीत या जोडीने रोग अधिक काळ आटोक्यात राहिला; तरी एकूण आयुर्मान मात्र वाढले नाही. रिटुक्सिमॅबच्या पहिल्या मात्रेआधी हिपॅटायटिस बीचे पृष्ठ-प्रतिजन (विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन) व गाभ्याविरुद्धचे प्रतिपिंड या दोन्ही चाचण्या कराव्यात. केवळ पहिली केल्यास दबलेला जुना संसर्ग नजरेतून सुटतो व औषधानंतर यकृतावर उसळतो.

रोग उशिरा, अगदी अनेक वर्षांनीही उलटतो. कधी फुप्फुसात, कधी जठरात वा लाळग्रंथीत. थोड्या रुग्णांत त्याचे वेगाने वाढणाऱ्या मोठ्या पेशींच्या लिम्फोमात रूपांतर होते. एलडीएच अचानक चढणे, ताप, वजन घटणे, एखादीच गाठ झपाट्याने वाढणे ही त्याची चिन्हे. अशा वेळी पेट स्कॅनवर (साखर जास्त वापरणाऱ्या पेशी उजळ दाखवणाऱ्या तपासणीत) सर्वाधिक उजळ दिसणाऱ्या जागेचाच नमुना पुन्हा घ्यावा.