चूक दस्तात की उताऱ्यात?

"अण्णा, सातबारावर चूक झालीय, तेवढा दुरुस्तीचा अर्ज लिहून द्या की." तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहिणाऱ्यापुढं तासभर बसलात तर हे वाक्य एकदा तरी कानावर पडेलच. लिहिणारा शहाणा असेल तर आधी खरेदीपत्र मागतो. चूक डोळ्यांना दिसते उताऱ्यावर, पण ती जन्मलेली असते कुठं तरी आणि निस्तरायचीही तिथंच असते.

समजा, कोल्हापूरजवळ कळंब्याकडं ४० आर रान घेतलंय. खरेदीपत्रात क्षेत्र, गट नंबर, नाव सगळं बरोबर. पण हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना ४० आरचे ०४ आर झाले, किंवा 'आनंदा'चं 'आनंदी' झालं. हा झाला लेखनप्रमाद. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधलं कलम १५५ आहे. लेखनातली चूक, किंवा जी चूक झाल्याचं संबंधित सगळे मान्य करतात ती, या कलमाखाली दुरुस्त होते. खरेदीपत्र, फेरफार (हक्क बदलल्याची महसुली नोंद) आणि जुना हस्तलिखित उतारा जोडून तहसीलदारांकडं अर्ज करायचा. इथं जमीन विकणाऱ्याला पुन्हा हुडकत जायची गरज नसते, मुद्रांकही लागत नाही.

आता उलटं बघा. उतारा ठीक आहे, पण खरेदीपत्र लिहितानाच गट नंबर २१४ ऐवजी २४१ पडला, किंवा चतुःसीमेत पूर्वेचा शेजारी पश्चिमेला गेला. इथं तहसीलदारांच्या हातात काही नाही. नोंदलेल्या दस्तात महसूल खात्याला एक काना-मात्रासुद्धा बदलता येत नाही. दस्त नोंदवून घेणारे खुद्द दुय्यम निबंधकही आपल्या मनानं खाडाखोड करत नाहीत. त्यासाठी 'चूक दुरुस्ती दस्त' करावा लागतो. मूळ दस्तातले लिहून देणार (विकणारा) आणि लिहून घेणार (विकत घेणारा) दोघंही पुन्हा हजर होतात, मूळ दस्ताचा क्रमांक-तारीख देऊन 'अमुक ठिकाणी अमुक चुकून पडलं, तिथं तमुक वाचावं' असं लिहितात, सह्या-अंगठे होतात, नोंदणी होते. मूळ खरेदीपत्र रद्द होत नाही. दोन्ही कागद कायम जोडीनं ठेवायचे, एकटा दुरुस्ती दस्त दाखवून काही सिद्ध होत नाही.

चूक निव्वळ लिहिण्यातली असेल तर हे नाममात्र मुद्रांकावर भागतं. पण दुरुस्तीच्या नावाखाली क्षेत्र वाढवलं, किंमत बदलली, वेगळीच जमीन आत घेतली, तर ती दुरुस्ती नव्हे, नवा व्यवहार झाला. मग मुद्रांकही त्या हिशेबानं. 'थोडंच वाढवायचंय' म्हणणारे भेटतात. त्यांनी सरळ दुसरं खरेदीपत्र करावं.

खरी गोची माणसांची असते. लिहून देणारा वारला असेल तर त्याच्या सगळ्या वारसांना आणावं लागतं, आणि वारसांपैकी एखादा पुण्यात, एखादी बहीण सासरी निपाणीला. शिवाय जमिनीचा भाव वाढलेला असला की सहीचाही भाव वाढतो. कुणी सही नाकारलीच तर दिवाणी न्यायालय उरतं. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली, फसवणुकीमुळं किंवा दोन्ही बाजूंच्या समान चुकीमुळं दस्तात खरा हेतू उतरला नसेल, तर न्यायालय दस्त दुरुस्त करून देऊ शकतं. मात्र मधल्या काळात कुणी प्रामाणिकपणे मोबदला देऊन त्या मिळकतीत हक्क मिळवला असेल, तर त्याला धक्का न लावता. म्हणून चूक दिसली त्याच आठवड्यात हलावं.

आणखी एक गल्लत. फेरफार मंजूर करतानाच निर्णय चुकला, म्हणजे वारसाचं नाव वगळलं किंवा हरकत ऐकलीच नाही, तर तो लेखनप्रमाद नव्हे. तिथं १५५ चा अर्ज टिकायचा नाही. प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, अपील करायचं, आणि त्याला मुदत ६० दिवसांची.

शहरातल्यांचं दार वेगळं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत सातबारा नसतो. तिथं सिटी सर्व्हे नंबर आणि ए ते ई वॉर्ड, म्हणून मिळकत पत्रिकेतली (प्रॉपर्टी कार्डातली) चूक नगर भूमापन कार्यालयात. घरफाळ्याच्या पावतीवर नाव बरोबर आहे म्हणून निवांत बसू नये, ती पावती कर भरल्याची, मालकीची नव्हे.

हे सगळं उजेडात येतं बहुधा कर्ज काढताना. बँकेचा वकील दस्त आणि उतारा शेजारी ठेवतो आणि २१४-२४१ वर बोट ठेवतो. त्याच्याही नजरेतून सुटलं तर जास्त वाईट, कारण गहाणखतातही तोच चुकीचा गट उतरतो आणि बोजा भलत्याच रानावर चढतो. मग काम तिप्पट. आधी बँकेची ना हरकत घेऊन खरेदीपत्राचा चूक दुरुस्ती दस्त, मग बँकेला पक्षकार करून गहाणखताचा वेगळा दुरुस्ती दस्त, आणि शेवटी ते दोन्ही घेऊन तलाठ्याकडं जायचं, सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यातला कर्जाचा बोजा योग्य गटावर न्यायला. हा क्रम उलटा करून बघणारे आहेत. आधी बोजा हलवायला जातात, आणि 'दस्त कुठाय?' असं विचारल्यावर परत फिरतात.