कल चाचणी आणि सीमाभाग : पार्श्वभूमी

आवड, स्वभाव आणि कुवत मोजून करिअर ठरवण्याचा प्रकार बेळगावात मोबाइलबरोबर आला, असा सर्वसाधारण समज आहे. या पट्ट्याचा त्याच्याशी संबंध मात्र मुंबई इलाख्याच्या काळापासूनचा. पॅरिसमध्ये १९०५ साली निघालेल्या बुद्धिमापन चाचणीचे कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केलेले रूपांतर १९३४ साली एका ब्रिटिश शोधपत्रिकेत मांडले गेले. 'मुंबई-कर्नाटक आवृत्ती' या नावानेही ते ओळखले जाते. दोन्ही भाषांच्या मुलांचा एकत्र विचार करणारे असे काम नंतर अभावानेच झाले.

लष्कराची वाट वेगळी. अधिकारी निवडीत मानसशास्त्रीय चाचण्या १९४३ पासून आल्या : चित्र पाहून गोष्ट लिहा, शब्द दिसताच सुचेल ते वाक्य लिहा, अमुक प्रसंगी काय कराल ते सांगा. मराठा रेजिमेंटचे केंद्र शहरातच असल्याने भरतीची भाषा इथल्या घराघरांत बोलली जाते. पण या चाचण्यांत उमेदवाराविषयी जे कळते ते निवड मंडळाला; त्याच्या स्वतःच्या हाती फक्त निकाल येतो. आत्मपरीक्षणासाठी त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य, तरी तयारीचे क्लास त्या नावाने चालतात.

खरा तिढा १ नोव्हेंबर १९५६ चा. त्या दिवशी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा वगळून. तो कोल्हापुरात आला. मुंबई राज्यात व्यवसाय मार्गदर्शनाचे सरकारी काम नुकतेच उभे राहत होते. मराठीतले पुढचे काम साहजिकच महाराष्ट्रातल्या शाळांभोवती झाले. खानापूर, बेळगाव, निपाणीतल्या मराठी शाळा एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, चौकटीत राहिल्या.

याचा अर्थ २०१६ साली स्पष्ट दिसला. त्या वर्षी महाराष्ट्राने दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी घेतली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे. चंदगडच्या मुलाला आपला कल कागदावर मिळाला. बाजाराला बेळगावातच येणाऱ्या त्याच्या खानापूरच्या मामेभावाला नाही. एकाच भाषेतली, एकाच गोतावळ्यातली ही मुले.

अर्थात चंदगडच्या मुलाचे फार भले झाले असेही नाही. चाचणीवरचा मुख्य आक्षेप असा की ती आवड विचारत होती, कुवत नाही. अभिक्षमतेची, म्हणजे कुवत मोजण्याची, जोड पुढे देण्यात आली. दुसरा आक्षेप वयाचा, आणि मला तो जास्त वजनदार वाटतो. दीर्घकाळ केलेल्या अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षानुसार माणसाच्या आवडी किशोरवयात बऱ्यापैकी टिकतात; पण त्यांना खरी स्थिरता येते ती १८ ते २२ या वयात. आपल्याकडे पोरगं सायन्सला घालायचं की डिप्लोमाला, हे पंधरा-सोळाव्या वर्षी ठरतं. चाचणी न झालेल्या खानापूरच्या मुलाचे नुकसान म्हणूनच वाटते तेवढे मोठे नसावे. समुपदेशक मिळाला नाही, हे नुकसान मोठे.

आता ऑनलाइन चाचण्यांची गर्दी आहे. चार इंग्रजी अक्षरांत स्वभाव सांगणारी सर्वांत लोकप्रिय आणि शास्त्राच्या कसोटीवर सर्वांत लंगडी : काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा 'प्रकार'च बदलतो. आवडींची सहा गटांत विभागणी करणारी १९५९ सालची पद्धत तिच्यापेक्षा भरवशाची, पण तिच्यातही गुण नुसते वाचून चालत नाही. ते कोणाच्या तुलनेत काढले, हे पाहावे लागते. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात इंग्रजी अशा मुलाची तुलना पुण्याच्या मुलांशी होते की बेंगळुरूच्या, हे अहवालात सहसा लिहिलेले नसते. पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीचा, प्रवेश अर्ज तर एसएसएलसीच्या टक्केवारीवरच भरला जातो.